खाटेला बांधलेली जपमाळ

आमच्या अतिदक्षता विभागाच्या दारावर एक पाटी आहे : ‘रुग्णाच्या खाटेजवळ घरच्या वस्तू ठेवू नयेत.’ जंतुसंसर्ग टाळण्यासाठी हा नियम योग्यच आहे. तरीही या नियमाला वळसा घालून आत आलेल्या वस्तूंची यादी करायला बसले तर कागद पुरणार नाही. उशीखाली अंगाऱ्याची पुडी, दंडाला ताईत, औषधाच्या रिकाम्या बाटलीत गंगाजळ. सरकारी रुग्णालयात सगळे देव एकाच वॉर्डात भेटतात.

काही वर्षांपूर्वी सात नंबरच्या खाटेच्या कठड्याला लाकडी मण्यांची जपमाळ बांधलेली होती. रुग्ण चौतीस वर्षांचा, वसईकडचा. घरची सोनचाफ्याची बाग. जुलाबाचं साधं दुखणं होऊन गेलं आणि दहा दिवसांनी त्याच्या पायातली ताकद गेली. मग हात लुळे पडले, मग गिळता येईना आणि चौथ्या दिवशी श्वास अपुरा पडू लागला. निदान होतं गियाँ बारे सिंड्रोम. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्या ‘जीबीएस’ची साथ आली, तोच हा आजार. शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते. आम्ही त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं, इम्युनोग्लोब्युलिनची पाच दिवसांची मात्रा सुरू केली.

या आजारातली सगळ्यात क्रूर गोष्ट अशी, की माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. बोट हलत नाही, बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं मला दारात गाठलं. “डॉक्टर, आमच्या आळीत रोज रात्री याच्यासाठी प्रार्थना चालते. मिस्सामध्ये फादरही नाव घेतात. तुम्हांला चालतं ना?”

मी म्हटलं, “आई, चालतं. औषध थांबवू नका म्हणजे झालं.”

“ते कोण थांबवतंय? आम्ही तुमच्यासाठीपण मागतो. तुमचा हात चुकू नये म्हणून.”

मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण त्या उत्तरानं मला विचारात पाडलं. प्रार्थना आणि औषध ही दोन प्रतिस्पर्धी दुकानं आहेत, अशी माझी समजूत होती. त्या बाईंच्या हिशेबात मीच त्यांच्या प्रार्थनेचा एक भाग होते.

मागणं कोण कोणासाठी करतं?

कॅथलिक श्रद्धेत आजारपणातल्या प्रार्थनेला एक खास वळण आहे. रुग्ण स्वतः देवाकडे मागतोच, पण त्याच्यासाठी इतरही मागतात. शेजारी, धर्मग्रामातली माणसं, मठातल्या सिस्टर्स आणि कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार मरियामाता व संतसुद्धा. याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. संत बरं करतात असं त्यात म्हटलेलं नाही. ते देवाकडे आपल्या वतीनं शब्द टाकतात, अशी ती कल्पना आहे. मुंबईत दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनासाठी लोटणारी गर्दी किंवा सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत वाहिले जाणारे मेणाचे हात, पाय, हृदय ही याच श्रद्धेची रूपं. या रांगांत हिंदू, पारशी, मुसलमानही असतात हे मुंबईकरांना सांगायला नको.

प्रार्थना आणि वैद्यक या शहरात नेहमीच शेजारी राहिले आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वांद्र्याच्या गावठाणांत ख्रिस्ती रहिवाशांनी रस्त्याकडेला क्रूस उभारले. त्यातले काही आजही उभे आहेत. त्याच काळात वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवत होते. जानेवारी १८९७ मध्ये ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. एकाच साथीला एकाच शहरानं दिलेली ही दोन उत्तरं.

प्रयोगशाळेतली प्रार्थना

दुसऱ्यानं केलेल्या प्रार्थनेनं रुग्ण बरा होतो का? हा प्रश्न डॉक्टरांनी औषधासारखा तपासून पाहिला आहे. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या हृदयरोग कक्षातल्या ३९३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांना काही त्रास कमी झाले, पण रुग्णालयातले दिवस आणि मृत्यूंची संख्या यांत फरक नव्हता. १९९९ मध्ये कॅन्सस सिटीतल्या ९९० रुग्णांच्या अभ्यासातही असाच किंचित, वादग्रस्त फरक दिसला. दहावीस गोष्टी मोजल्या की त्यातल्या एकदोन केवळ योगायोगानंही उजव्या दिसतात, ही संख्याशास्त्रातली जुनी अडचण इथे होती.

म्हणून अधिक काटेकोर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रमुख होते हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन. अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया होणारे १,८०२ रुग्ण निवडले गेले. प्रार्थना करणाऱ्या तीन गटांपैकी दोन कॅथलिक होते. रुग्णांचेही तीन गट होते. ‘तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही’ असं सांगितलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी ती झाली, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण ५२ टक्के होतं. ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१ टक्के. म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणारच आहे’ असं खात्रीनं सांगितलं होतं. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं.

ही वाढ योगायोगही असू शकेल. पण संशोधकांनी एक शक्यता बोलून दाखवली : आपल्यासाठी खास प्रार्थना होते आहे हे कळल्यावर काही रुग्ण घाबरले असतील. ‘माझी तब्येत इतकी वाईट आहे का?’ ही शक्यता नीट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

या चाचणीवर एक रास्त आक्षेपही आहे. ज्यांच्यासाठी ‘प्रार्थना नाही’ असं कागदावर लिहिलं होतं, त्यांच्या बायकामुलांनी घरी प्रार्थना केलीच असणार. ती थांबवणारी चाचणी कोणी करू शकत नाही आणि करूही नये. तेव्हा डॉक्टर म्हणून मी एवढंच म्हणते : अनोळखी माणसांनी दुरून केलेली प्रार्थना शस्त्रक्रियेचा निकाल बदलते, याला विश्वासार्ह पुरावा नाही.

चर्चची स्वतःची चाळणी

अनेक वाचकांना आश्चर्य वाटेल, पण आजार बरा झाल्याच्या दाव्यांबाबत कॅथलिक चर्च आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपपेक्षा फार कडक आहे. फ्रान्समधलं लूर्द हे तीर्थक्षेत्र १८५८ पासून प्रसिद्ध आहे. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. तिथे बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले, पण चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सत्तरच्या आसपास आहे. निकष अठराव्या शतकातले आहेत. आजार गंभीर हवा, निदान पक्कं हवं, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं आणि उपचारांनी त्याचा उलगडा होता कामा नये.

या चाळणीत आमचा सात नंबर पहिल्याच फेरीत गळाला असता. तो हळूहळू सुधारला, त्याला औषध मिळालं होतं आणि मुळात या आजारातले बहुतेक रुग्ण काही महिन्यांत पुन्हा चालू लागतात. म्हणजे ‘चमत्कार झाला’ असं म्हणताना आपण कधी कधी चर्चपेक्षाही सढळ हाताचे असतो. आणि त्या नादात रात्ररात्र जागून श्वासनलिका साफ करणारी सिस्टर, कूस बदलणारी मावशी, फिजिओथेरपिस्ट या सगळ्यांचं श्रेय बुडतं.

मग प्रार्थना करते काय?

एकविसाव्या दिवशी त्याची नळी निघाली. बोलता येऊ लागल्यावर तो जे म्हणाला ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. “डॉक्टर, आत दिवस-रात्र कळत नाही. दिवे चालूच. मग मी मनात जपमाळ म्हणायचो. दहा-दहा मण्यांचे पाच भाग. एक माळ झाली की वीसेक मिनिटं गेली. तीन माळा म्हणजे एक तास. किती माळा झाल्या की ड्युटी बदलते, ते मला कळायला लागलं होतं. बोट हलत नव्हतं, पण मण्यांवरून फिरतंय असं वाटायचं. आणि रात्री आठ वाजले असतील असं वाटलं की समजायचो, आता आळी जमली असेल. आता माझं नाव घेतलं असेल.”

अतिदक्षता विभागात वेळेचं भान सुटणं हे रुग्ण भ्रमिष्ट होण्याचं एक मोठं कारण आहे. त्यासाठी आम्ही भिंतीवर घड्याळ लावतो, रात्री दिवे मंद करायचा प्रयत्न करतो. या माणसानं स्वतःचं घड्याळ स्वतः बनवलं होतं.

जपाचा शरीरावरचा परिणामही मोजला गेला आहे. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर केलेला अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. लॅटिनमधली मरियेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येत होती आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा सुधारत होती. परिणाम लयीचा होता, धर्माचा नव्हता. व्हेंटिलेटरवर श्वास यंत्र ठरवतं, त्यामुळे हा फायदा आमच्या रुग्णाला मिळाला असं मी म्हणणार नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईला मिळाला असेल.

आणि जमलेल्या आळीचा फायदा तर डोळ्यांना दिसत होता. रात्री कोण थांबणार, डबा कोण आणणार, बागेतली फुलं दादरच्या बाजारात कोण पोचवणार, याची पाळी त्या प्रार्थनेनंतरच ठरायची. ज्या रुग्णासाठी रोज वीस माणसं एकत्र बसतात, त्याची आई बाकावर एकटी पडत नाही.

जिथे दुखावतं

पण श्रद्धेची दुसरी बाजूही वॉर्डात दिसते. अमेरिकेत केनेथ पार्गामेंट यांनी आजारी असलेल्या ५९६ ज्येष्ठांचा अभ्यास केला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘देवानं मला टाकलं’, ‘त्याचं माझ्यावर प्रेम उरलं नाही’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. म्हणून एक वाक्य कृपा करून कोणत्याही रुग्णासमोर बोलू नका : ‘तुझी श्रद्धा कमी पडली.’ कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसावर परीक्षेत नापास झाल्याचंही ओझं कशाला?

दुसरा धोका अवास्तव आशेचा. २००९ मध्ये अँड्रिया फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी बळावलेल्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांचा शेवटपर्यंत मागोवा घेतला. श्रद्धेचा आधार घेण्याचं प्रमाण ज्यांच्यात जास्त होतं, त्यांच्यापैकी ११.३ टक्के रुग्ण शेवटी व्हेंटिलेटरवर गेले. बाकीच्यांत हे प्रमाण ३.६ टक्के होतं. ‘देव चमत्कार करील, तोवर यंत्र चालू ठेवा’ हे वाक्य मी अनेक धर्मांच्या तोंडून ऐकलं आहे.

इथे कॅथलिक कुटुंबांना मी एक गोष्ट सांगते. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केलं होतं, की जीव वाचवण्यासाठी नेहमीचे, साधे उपाय करणं हे कर्तव्य आहे, पण रुग्णावर भार टाकणारे असाधारण उपाय करत राहणं बंधनकारक नाही. वेदना कमी करण्यासाठी तीव्र वेदनाशामक द्यायलाही त्यांनी त्याच वर्षी मान्यता दिली. मॉर्फिन नाकारून दुःख सोसत राहणं ही धर्माची सक्ती नाही.

आणि २०१३ मध्ये ट्रेसी बाल्बोनी यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या रुग्णांना आध्यात्मिक आधार फक्त धार्मिक समूहाकडून मिळाला, त्यांच्यावर शेवटच्या दिवसांत जास्त आक्रमक उपचार झाले. पण ज्यांच्याशी रुग्णालयातली माणसंही त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलली, त्यांच्या वाट्याला असे उपचार कमी आणि शांत, वेदनारहित काळजी जास्त आली. म्हणजे हा विषय टाळणारे डॉक्टर तटस्थ राहत नाहीत. ते रुग्णाचं नुकसान करतात.

माझ्याकडून राहिलेलं

हे मला फार उशिरा कळलं. सात नंबरच्या आधी काही वर्षं एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे दाखल होत्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतात पसरलेला. मुलांनी हात जोडले, “मॅडम, आईला सांगू नका.” नातेवाईकांनी नऊ दिवसांची नोव्हेना सुरू केली. बाई मला रोज विचारायच्या, “काय म्हणतात रिपोर्ट?” मी रोज म्हणायचे, “बघू, उद्या बोलू.”

त्यांनी दोनदा फादरना बोलवा असं सांगितलं. मुलं थबकली. फादर तेल घेऊन आले म्हणजे शेवट आला, असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. आईला तसं कळेल, ती खचेल. मुलीनं मला विचारलं, “बोलवायची वेळ आली आहे का?” मला उत्तर ठाऊक होतं. मी म्हटलं, “इतकी घाई नाही.”

सातव्या दिवशी पहाटे बाई गेल्या. फादर आले ते दोन तासांनी.

बायपासच्या चाचणीतली ती शक्यता आठवा : ‘माझी तब्येत इतकी वाईट आहे का?’ ही भीती आम्हां सगळ्यांना होती. बाईंना मात्र नव्हती. आपलं काय चाललंय हे त्यांना समजलं होतं, म्हणून तर त्या फादरना बोलवायला सांगत होत्या. आम्ही त्यांना वाचवत नव्हतो. आम्ही स्वतःला त्या बोलण्यापासून वाचवत होतो.

त्या संस्काराचा खरा अर्थ मी नंतर एका फादरकडून समजून घेतला. पूर्वी त्याला अंतिम अभ्यंग म्हणत. पण १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्याचं नाव आणि रूप बदललं. आता तो रुग्णांसाठीचा संस्कार आहे. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वृद्धापकाळात तो घेता येतो आणि आजार पुन्हा बळावला तर पुन्हाही. त्यात बरं होण्यासाठीही प्रार्थना असते. म्हणजे जे बोलावणं आम्ही मृत्यूची घंटा समजून लांबवलं, ते दाखल झाल्याच दिवशी धाडता आलं असतं.

जपमाळेत पुन्हा पुन्हा म्हटली जाणारी मरियेची प्रार्थना दोन क्षणांसाठी विनंती करून संपते : आत्ताच्या आणि मरणाच्या. ‘मला बरं कर’ असे शब्द तिच्यात नाहीत. पहिल्या क्षणासाठी आम्ही डॉक्टर खूप धावपळ करतो. दुसऱ्या क्षणी आम्हांला नेमकी दुसऱ्या वॉर्डातली फेरी आठवते.

काही साध्या गोष्टी

• नवस, उपास, पथ्य जे काही चालू असेल ते डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णानं उपास करणं धोक्याचं ठरू शकतं. चर्चनंही आजाऱ्यांना उपासातून सूट दिली आहे.

• नोव्हेना पूर्ण झाली, बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवू नका. क्षयरोग आणि अपस्मार यांत हा प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहते.

• ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाजवळ मेणबत्ती, उदबत्ती कधीही पेटवू नका. क्षणात भडका उडू शकतो.

• रुग्णाला गिळायला त्रास होत असेल तर ख्रिस्तप्रसाद देण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरला विचारा. अगदी छोटा तुकडाही देता येतो. ठसका लागला तर अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

• धर्मगुरूंना बोलवायचं की नाही, हे रुग्णाला विचारा. लवकर विचारा.

• डॉक्टरांना ‘वाचेल ना?’ एवढंच न विचारता ‘आम्ही कशाची आशा धरू?’ असंही विचारा. उत्तर बदलत जाईल. आशा बरं होण्याची असेल, घरी जाण्याची असेल, कधी वेदनेवाचून झोप लागण्याची असेल.

आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांना : दाखल करताना आपण तंबाखू विचारतो, अॅलर्जी विचारतो. ‘या दिवसांत तुम्हांला बळ कशातून मिळतं?’ हाही प्रश्न विचारा. अर्धं मिनिट लागतं.

सात नंबरचा रुग्ण सहा महिन्यांनी काठी टेकत ओपीडीत आला. बरोबर आई होती आणि केळीच्या पानात बांधलेला सोनचाफा. मोत माउलीला मेणाचे पाय वाहून ती दोघं थेट माझ्याकडे आली होती. जाताना आईनं थांबून विचारलं, “डॉक्टर, तो आठ नंबरचा मुलगा होता ना, त्याचं नाव काय हो?”

आठ नंबरला लेप्टोचा एक मुलगा होता. आमचे सगळे प्रयत्न होऊनही तो वाचला नाही.

“त्याच्यासाठीपण आम्ही रोज मागायचो,” त्या म्हणाल्या. “नाव ठाऊक नव्हतं, म्हणून आठ नंबर म्हणायचो. आता नोव्हेंबर येईल. गेलेल्यांसाठी मिस्सा असतो. तेव्हा नावानं म्हणायला पाहिजे.”

रुग्णांची नावं आम्ही बाहेर सांगत नाही, तसा नियम आहे. त्यांना मी बाकावर बसवलं, त्या मुलाच्या वडिलांना फोन लावला आणि विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “सांगा. आणि त्यांना म्हणावं, आठवण ठेवलीत.”